ज्या दुपारी जग बुडणार होतं

"मॅडम, अजून सोपं करा. आमचा प्रेक्षक काही फिजिक्स शिकलेला नसतो," सुदर्शन कवठे म्हणाला आणि त्यानं मला पदरावरचा माईक जरा वर घ्यायला सांगितलं.

आम्ही लातूरच्या माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. बारावीच्या मुली प्रॅक्टिकल आटोपून नुकत्याच गेल्या होत्या, टेबलांवर त्यांनी तशीच टाकलेली भिंगं आणि मोजपट्ट्या पडल्या होत्या. कवठे हा एका मराठी बातम्यांच्या चॅनेलचा लातूरचा वार्ताहर. कॅमेराही तोच धरायचा, प्रश्नही तोच विचारायचा. त्या चॅनेलचं नाव मी घेणार नाही. ते बंद पडून बरीच वर्षं झाली, पण ते नाव नुसतं कानावर आलं तरी आजही माझं डोकं फिरतं.

दोन हजार आठचा सप्टेंबर होता, गणपती बसलेले. जिनिव्हाजवळ जमिनीखाली, मैलोन् मैल गोल फिरणाऱ्या बोगद्यात बांधलेलं एक प्रचंड यंत्र दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू होणार होतं. अणूच्याही पोटातले कण त्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळवायचे आणि पुढेमागे ते एकमेकांवर आदळवायचे, म्हणजे हे सगळं जग मुळात कशाचं बनलं आहे ते कळेल, अशी ती खटपट. त्यासाठी देशोदेशीची माणसं वर्षानुवर्षं राबली होती. आणि आमची चॅनेलं आठवडाभर एकच कोकलत होती, की त्या टकरीतून कृष्णविवर तयार होणार आणि ते पृथ्वीला गिळून टाकणार.

"थोडक्यात विचारतो," कवठे म्हणाला. "उद्या जग बुडणार का?"

"नाही."

"शंभर टक्के सांगता?"

मी हसले. हा प्रश्न मुलीही विचारायच्या, त्यामुळे उत्तर तयारच होतं. "हे बघा, शंभर टक्के सुरक्षित असं विज्ञान कधीच म्हणत नाही. घरी जाताना मला ट्रक उडवणार नाही, हेही मी शंभर टक्के सांगू शकत नाही. पण या यंत्रात ज्या टकरी होणार आहेत त्याहून कितीतरी जोरदार टकरी आपल्या डोक्यावर, आभाळात, रोज होतात. अवकाशातून येणारे कण पृथ्वीवर ती जन्मल्यापासून आदळत आलेत. त्यानं पृथ्वी बुडायची असती तर तुम्ही-आम्ही इथं बोलत बसलो नसतो. मी उद्या दुपारी नेहमीसारखी शिकवणार आहे. तुम्हीही नेहमीसारखे जेवा आणि झोपा."

"एक नंबर मॅडम," म्हणून त्यानं कॅमेरा मिटला.

संध्याकाळी मी भाजी चिरता चिरता टीव्ही लावला. पडद्यावर पृथ्वीचा गोळा पाण्याच्या भोवऱ्यात ओढला जावा तसा एका काळ्या भोकात ओढला जात होता. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं. एक ज्योतिषी शनी कुठं बसलाय ते सांगत होता. आणि मग मी दिसले. खाली लाल पट्टीवर माझं नाव, आणि त्याखाली 'लातूरच्या प्राध्यापिकेची धक्कादायक कबुली'. मी हसले, हसतानाच म्हणाले, "शंभर टक्के सुरक्षित असं विज्ञान कधीच म्हणत नाही." आणि संपलं. पुढचं सगळं गायब. पुन्हा तोच गोळा, तेच भोक आणि ढोल वाजावेत तसं संगीत. थोड्या वेळानं पुन्हा मी, पुन्हा तेच हसणं, तेच वाक्य.

मी कवठेला फोन लावला. "एवढंच बोलले होते का मी?"

"मॅडम, ते मुंबईला डेस्कवर कापतात. माझ्या हातात काय असतं?"

"मग डेस्कचा नंबर द्या."

त्यानं दिला. तिकडून एक तरुण मुलगी बोलली, आवाज गोड. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, ते वाक्य तुम्ही म्हणालात की नाही म्हणालात, तेवढं सांगा."

"म्हणाले. पण पुढं..."

"थँक यू मॅडम," म्हणून तिनं फोन ठेवला.

भाजी तशीच राहिली. तेवढ्यात गावाकडून बसवराजचा फोन आला.

बसवराज माझा चुलतभाऊ. आमचं गाव करजवाडी, किल्लारीच्या पट्ट्यातलं. त्र्याण्णव सालचा भूकंप झाला तेव्हा मी लातूरला होस्टेलवर होते, म्हणून वाचले. माझे आईवडील आणि धाकटा भाऊ दगडमातीच्या घराखाली गेले. शेजारच्याच घरात काका आणि त्यांची लहानगी मंगल गेली. काकू आणि बसवराज यांना सैन्याच्या जवानांनी ढिगाऱ्यातून ओढून काढलं. काकूनं पुढं मला लेकीसारखं सांभाळलं, शिकवलं. फिजिक्स म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण माझ्या फीसाठी तिनं म्हैस विकली होती. गाव नव्या जागी बसलं, सिमेंटची पक्की घरं मिळाली, तरी काकू कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्येच झोपायची. तो भूकंपही गणपतीतलाच, विसर्जनाच्या रात्रीचा. त्यामुळे गणपती बसले की ती गप्प गप्प होते, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं.

"अक्का," बसवराज म्हणाला, "गाव माळावर चाललंय. घरं रिकामी करलालेत लोक."

"कशासाठी?"

"तूच म्हणलीस की टीव्हीत, भरवसा न्हाई म्हणून."

तो पुढं म्हणाला, "अक्का, अंजूला उद्या सकाळी लातूरला भरती करायचं ठरलं होतं. बीपी लई वाढलंय, पाय सुजलेत. डॉक्टर म्हणली, उशीर करू नका. आणि आई म्हणतीया, छताखाली पाय ठेवू देणार न्हाई."

अंजना, त्याची बायको. पहिलटकरीण. पूर्ण दिवस भरलेली.

"काकूला दे फोन."

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग बसवराजच बोलला. "घेईना अक्का. तोंड फिरवून बसलीय."

सकाळी उजाडताच मी कॉलेजजवळच्या एकाची मारुती व्हॅन भाड्यानं घेतली आणि निघाले. वाटेत माणसं चाललेली दिसली. आमच्याच गावाचे हाल होते असं नव्हे. दोन-तीन गावांबाहेर माणसं गाठोडी घेऊन शेतात बसली होती. त्यांना हसणं सोपं होतं. पुण्या-मुंबईत लोक हसतही होते. पण एकदा पायाखालची जमीन उघडताना ज्यांनी बघितली त्यांना 'जमिनीच्या पोटात स्फोट करणार' असं सांगायचं, तेही दिवसभर, संगीत लावून, आणि मधेमधे साबणाच्या जाहिराती दाखवायच्या!

करजवाडीच्या गल्ल्या रिकाम्या होत्या. गणपतीच्या मांडवात मूर्ती एकटीच होती, समोर तेवत्या समईजवळ कोणी नव्हतं. सगळं गाव पलीकडच्या माळावर. सोयाबीनच्या शेताच्या कडेला बैलगाड्या उभ्या करून त्यांच्यावर ताडपत्र्या ताणल्या होत्या. भुरभुर पाऊस होता, खाली चिखल. एका ताडपत्रीखाली बाजेवर अंजू पडली होती आणि उशाशी काकू बसली होती.

अंजूचा चेहरा सुजून ओळखू येईना. मी हात धरला तेव्हा ती म्हणाली, "अक्का, डोकं लई ठणकतंय. डोळ्यापुढं काजवे चमकलालेत."

मला डॉक्टरकी येत नाही, पण एवढं वाचून माहीत होतं की बाळंतपणात हे लक्षण वाईट.

"काकू, उठ. गाडी आणलीय. हिला आत्ताच्या आत्ता लातूरला न्यायची."

"न्हाई."

"तिचे पाय बघ. तोंड बघ."

"मला दिसतंय की. दवाखाना तीन मजल्यांचा हाय. दुपार टळू दे, मग ने कुठं न्यायची तिथं."

"दुपारी काही होणार नाही, काकू!"

"काल येगळं सांगितलंस. आज येगळं सांगलालीस."

"मी काल असं सांगितलंच नाही. त्यांनी माझं बोलणं कापलं."

तेवढ्यात शेजारच्या गाडीखालून मल्लिनाथअप्पा उठून आले. आमच्या भावकीतले वडीलधारे, गावात शब्द असलेले. ते शांतपणे म्हणाले, "नंदा, परक्यानं सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो बघ. टीव्हीवाले काय, रोजच वरडतेत. पण आपल्या गावची लेक, शिकलेली, ती तोंडानं म्हणली, म्हणून चुली विझवून आलो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट काळजीच होती, मी उभी पावसात भिजते आहे याची. मला मात्र वाटलं, कुणीतरी माझं तोंड माझ्याकडून काढून घेतलंय आणि गावोगाव फिरवतंय.

बसवराज मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईला उचलून बाजूला करतो आणि नेतो अंजूला." पण अंजूच म्हणाली, "आत्यांना दुखवून नको." सासूला ती आत्या म्हणायची. काकूवर तिचा जीव होता आणि खरं सांगायचं तर तिलाही भीती वाटत होती. माळावरच्या प्रत्येकालाच वाटत होती.

तेवढ्यात एक जीप चिखलातून घसरत आली. उतरला तो सुदर्शन कवठे. डोक्याला रुमाल, हातात कॅमेरा. मला त्यानं पाहिलंच नाही आधी. तो सरळ ताडपत्रीकडे आला आणि अंजूच्या पोटावर कॅमेरा रोखून माईकमध्ये बोलायला लागला, "आपण पाहू शकता, किल्लारी पट्ट्यात मृत्यूची छाया..."

"कॅमेरा खाली घे," मी म्हटलं.

तो दचकला. मग हसला. "अरे मॅडम! तुम्हीपण सुरक्षित जागी आलात का? थांबा, तुमचं दोन शब्द..."

मी त्याच्या हातातला माईक हिसकावून घेतला. असं काही मी आयुष्यात केलं नव्हतं. वायर तुटली. "काल मी काय बोलले ते सगळं या लोकांना सांग."

"मॅडम, शांत व्हा. लोक बघतायत."

"बघू देत. सांग."

"मला वरून जे सांगतात ते मी..."

"कालची टेप कुठाय?"

त्यानं नकळत कॅमेऱ्यावर हात ठेवला. कॅमेऱ्याला बाजूला उघडणारा छोटा पडदा होता आणि टेप आतच होती. आदल्या दिवशीचंच चित्रीकरण पुढं चालू ठेवलं होतं त्यानं.

"लाव," मी म्हटलं.

"मॅडम, ते चॅनेलचं मटेरियल आहे. असं कुणाला दाखवता येत नाही."

बसवराज जीपकडे गेला, चावी काढली आणि खिशात घातली. मल्लिनाथअप्पा आणि आणखी चार-सहा जण येऊन उभे राहिले. कुणी हात उगारला नाही, कुणी शिवी दिली नाही. कवठेनं आजूबाजूला बघितलं आणि खाली बसून टेप मागं घेऊ लागला.

काकू बाजेवरून उठली. तिनं पदरानं डोक्यावरचं पाणी पुसलं, कवठेच्या शेजारी चिखलात उकिडवी बसली आणि त्या छोट्या पडद्याला कान लावला. माझाच आवाज, बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, सगळं बोलून गेला. ट्रक, आभाळातल्या टकरी, नेहमीसारखे जेवा आणि झोपा, सगळं.

"परत लाव," काकू म्हणाली.

त्यानं परत लावलं.

काकू उठली, माझ्याकडे बघून म्हणाली, "हे आभाळातलं खरं हाय?"

"खरं आहे. रोज होतं. आत्तासुद्धा होतंय."

"आणि तरी तू शंभर टक्के म्हणली न्हाईस."

"नाही म्हणता येत, काकू."

मग तिनं जे सांगितलं ते तिनं मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. "भूकंपाच्या आदल्या साली जमीन गुरगुरायची. भांडी वाजायची. तवा जीपमधून एक साहेब आलता. आम्ही बाया त्याच्यापुढं जाऊन म्हणलो, आम्ही भाईर झोपू का? साहेब म्हणला, शंभर टक्के काही होत न्हाई, मी सांगतो, घरात झोपा खुशाल. तुझ्या काकानं भाईर टाकलेली बाज आत नेली." ती अंजूकडे बघत होती. "ज्याला ठाव नसतं त्यो शंभर टक्के म्हणतो. तू म्हणली न्हाईस. चल, हात लाव पोरीला."

एवढं बोलून ती स्वतः बाजेच्या पायाशी गेली.

अंजूला आम्ही व्हॅनमध्ये आडवी केली. तिचं डोकं माझ्या मांडीवर, पाय काकूच्या मांडीवर, बसवराज पुढं. मागून कवठे ओरडत होता, "अहो, चावी! माझी चावी!" बसवराजनं खिडकीतून ती सोयाबीनमध्ये भिरकावली.

औश्याच्या अलीकडे अंजूचं अंग ताठ झालं. डोळे वर गेले, दात बसले आणि तिला झटके यायला लागले. मी कितीतरी वेळ तिच्या दातांत पदराचा बोळा धरायला बघत होते आणि काकू तिचे पाय छातीशी घट्ट धरून "शंकरा, शंकरा" म्हणत होती. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला नाही. बसवराज मागं वळून बघत नव्हता. त्याचे खांदे तेवढे हलत होते.

लातूरला दवाखान्यात पोचताच अंजूला आत नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं रक्तदाब बघितला आणि एकदम आमच्यावर ओरडली, "कालच आणायला हवं होतं हिला! काय करत होता तुम्ही?"

बसवराजनं खिशातून अंजूचे तपासणीचे कागद काढून तिच्यापुढं धरले.

काकू ऑपरेशनच्या दाराबाहेर फरशीवर बसली. वर अजून एक मजला होता. तिनं छताकडे एकदाही मान वर केली नाही. दार बघत राहिली.

बसवराजला रक्ताच्या पिशवीसाठी पाठवलं होतं. मी काकूसाठी चहा आणायला खाली कँटीनमध्ये गेले. तिथं भिंतीवर टीव्ही चालू होता आणि तेच चॅनेल. ती वेळ येऊन ठेपली होती. उलटं घड्याळ शून्यावर आलं आणि पडद्यावर फटाके फुटले. 'वाचलो!' असं मोठ्या अक्षरांत आलं. ज्या निवेदकानं आठवडाभर डोळे मोठे करून लोकांना घाबरवलं तो आता खळखळून हसत होता. शेजारची निवेदिका म्हणाली, "चला, म्हणजे ऑफिसला सुट्टी नाही!" पुन्हा हशा. कँटीनमधली माणसंही हसली. कुणीतरी म्हणालं, "च्यायला, उगाच काल उधारी चुकवून टाकली."

मी पुढं गेले आणि टीव्हीची पिन उपटली.

"ओ ताई, बघतोय ना आम्ही!"

"काय बघताय?" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "कशाला हसताय? कोण वाचलं?"

काउंटरवरच्या बाईनं दोन कप चहा माझ्या पुढं ठेवला.

मी वर गेले तेव्हा डॉक्टरीणबाई दारात उभी होती. आता ती ओरडत नव्हती. अंजू वाचेल, असं तिनं सांगितलं. झटके थांबलेत, पण दोन दिवस जपावं लागेल. मग तिनं काकूच्या शेजारी खाली बसून सांगितलं, "आजी, मुलगी होती. आम्ही बाहेर काढली तेव्हा श्वास नव्हता. खूप प्रयत्न केले."

काकूनं विचारलं, "बघू?"

त्यांनी हिरव्या कापडात गुंडाळून आणली. केस दाट होते. काकूनं तिचं कपाळ अंगठ्यानं पुसलं, जसं काही तिथं माती लागली होती, आणि परत दिली. चहा कधी गार झाला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी कवठे दवाखान्यात आला. मला वाटलं, माफी मागायला आला असेल. हातात कॅमेरा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, फार वाईट झालं. आम्ही यावर मोठी स्टोरी करतोय. अंधश्रद्धेचा बळी. अफवांमुळे एका बाळाचा जीव गेला. तुम्ही शास्त्राच्या बाजूनं बोला. या वेळी तुमचं पूर्ण घेतो."

"अफवा?" बसवराज पुढं झाला. मी त्याला हातानं थांबवलं.

"कुणाची अफवा?" मी विचारलं.

कवठेनं कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"कॅमेरा चालू कर," मी म्हटलं. त्याला वाटलं, मी तयार झाले. त्यानं कॅमेरा लावला, लाल दिवा लागला. मी म्हटलं, "आमची मुलगी तुम्ही मारली. कापायला यात काही ठेवलेलं नाही. घेऊन जा."

त्यानं कॅमेरा बंद केला. जाताना तो दारात थांबून म्हणाला, "मला घरी बायको-पोरं आहेत हो मॅडम." मी त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. आज मागं वळून बघतानाही मला त्याची कीव येत नाही. लोक म्हणतात, तो बिचारा नोकर माणूस. असेल. अंजूच्या पोटावर कॅमेरा रोखला तेव्हा त्याला कुणी मुंबईहून फोन केला नव्हता.

स्टोरी दाखवलीच त्यांनी. माझं वाक्य अर्थातच नव्हतं. ताडपत्रीखाली अंजूच्या उशाशी बसलेल्या काकूचा चेहरा होता, आणि खाली 'अशिक्षित सासूच्या हट्टानं घेतला बाळाचा जीव'. एक प्रसिद्ध म्हणवणारे विचारवंत येऊन खेड्यातल्या माणसांना विज्ञान कसं कळत नाही यावर बोलून गेले. मी तक्रारी केल्या, वकिलाकडे गेले, मुंबईला जाऊन त्या चॅनेलच्या ऑफिसबाहेर दिवसभर बसले. आतून कुणीतरी येऊन मला पाण्याचा ग्लास दिला. माफीचा शब्द कधीच आला नाही. काकू नंतर बरेच महिने गावात कुणाच्या बारशा-लग्नाला गेली नाही. लोक काही म्हणायचे नाहीत, तरी.

अंजू घरी आली त्या आठवड्यात मी करजवाडीला गेले होते. पिशवीत पेपर होता. आतल्या पानावर, अगदी कोपऱ्यात, बारीक बातमी होती. ते जिनिव्हाचं यंत्र सुरू होऊन आठवडा उलटतो तोच बिघडलं. विजेचा एक जोड वितळला, थंडावा द्यायला भरलेला वायू बोगद्यात फुटून बाहेर आला, लोहचुंबकं जागची हलली. आता कित्येक महिने काम बंद. म्हणजे धोका होता, पण तो यंत्राला आणि यंत्राजवळच्या माणसांना. आमच्या चॅनेलांना या बातमीत काही रस नव्हता.

मी बसवराजला हे सांगत होते आणि सांगता सांगता माझा आवाज चढत गेला. "एवढी साधी गोष्ट आहे! एवढी साधी गोष्ट कुणी नीट सांगितली असती तर..." आत काकू चुलीपाशी होती. अंजू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला दूध दाटलं होतं आणि काकूनं छातीवर जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधली होती. अंजू फारसं बोलत नव्हती तेव्हा. मला वाटलं, झोपली असेल.

"अक्का," तिनं मान न वळवता विचारलं, "मोडलं व्हय ते यंत्र?"

"हो. मोडलं."

"आत माणसं होती?"

"नाही. बोगदा रिकामा होता."

"कुणाला लागलं न्हाई ना?"

"नाही गं. कुणालाच नाही."

"बरं झालं," अंजू म्हणाली. "त्यांचीबी घरी वाट बघत असतील."